शिक्का मारलात, पुढे काय?

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.



मी तंजावरात राहणारा एक निवृत्त शिक्षक आहे. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि सरकारी कागद वाचण्यापुरते इंग्रजी, एवढ्या भांडवलावर आसपासचे लोक माझ्याकडे अर्ज भरून घ्यायला येतात. पूर्वी रेशनकार्ड आणि पेन्शनचे कागद असत. आता परदेशी नोकरीचे असतात. हे पत्र मराठीत लिहायला एक कारण आहे. आखातात माणसे पाठवणाऱ्या परवानाधारक एजन्सींचे मोठे ठाणे मुंबईत आहे. आमच्याकडची कित्येक मुले मुलाखतीला आणि ट्रेड टेस्टला आधी मुंबई गाठतात आणि मग विमानात बसतात. तेव्हा जे चालले आहे ते मराठी माणसाच्या अंगणातूनच जाते. आपल्याला ते नव्याने सांगायला हवे असे मात्र नाही.

नाही, कारण ज्याच्याविषयी मी लिहितो आहे त्याला आपण आधीच हेरून ठेवले आहे. जो दहावी पास नाही त्याच्या पासपोर्टवर आपले खाते ‘ईसीआर’ छापते. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार असा माणूस नोकरीसाठी ठरावीक 18 देशांत निघाला की त्याला ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ची मंजुरी लागते. सौदी, कुवेत, ओमान, कतार, अमिराती, मलेशिया, सगळे त्या यादीत आहेत. म्हणजे शिक्षण बेताचे, हातात कसब नाही, परकी भाषा येत नाही असा माणूस कोण, हे सरकारला पासपोर्ट छापतानाच कळते. ही खूण जपायच्या माणसाची आहे, असे आपला कायदा म्हणतो. तर मग जपण्यासाठी आपण नेमके काय करता?

मला सापडलेले उत्तर असे. 2018 पासून आपण प्रस्थानपूर्व प्रशिक्षण सुरू केले आहे. ते विनामूल्य आहे, आणि एका दिवसाचे आहे. त्या देशाचे कायदे, चालीरीती, काय करावे, काय टाळावे, तक्रार कुठे नोंदवावी, हे सगळे एका दिवसात. ज्या माणसाला दहा वर्षांच्या शाळेने दहावीपर्यंत पोचवले नाही, त्याला आपण आठ तासांत परदेशात राहायला तयार करता. तेही तो सरळ मार्गाने गेला तर. व्हिजिट व्हिसावर निघालेल्याच्या नशिबी तो एक दिवसही नाही.

मागच्या पावसाळ्याआधी ओरत्तनाडूकडचा एक मुलगा कागद घेऊन आला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ. कराराच्या कागदावर एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. त्याने बोट ठेवले ते थेट पगाराच्या आकड्यावर. बाकीच्या कागदाशी त्याचे काही देणेघेणे नव्हते. काम कुठले, असे विचारले. म्हणाला, ड्रायव्हर, कंपनीत. लायसन्स? नाही, पण ट्रॅक्टर चालवतो. इंग्रजी रकान्यात घरकामगार असे लिहिले होते आणि व्हिसा 20 नंबरचा होता. कुवेतमध्ये 20 नंबर हा घरगुती नोकराचा व्हिसा आणि 18 नंबर खासगी कंपनीचा, एवढे मलाही कागद वाचून वाचून कळू लागले आहे. मी ते त्याला सांगितले. त्याचे उत्तर तयार होते: “सार, तिथे गेल्यावर बदलून देणार आहेत.” एजंटला त्याने एक लाख दहा हजार दिले होते. पावती नव्हती. आईचे दागिने गहाण पडले होते, त्यामुळे माझा सल्ला ऐकायची वेळ टळून गेली होती.

आपल्याच नियमांप्रमाणे परवानाधारक एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, पावती देऊन. हा नियम ज्यांच्यासाठी केला त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडून मी तो आजवर ऐकलेला नाही. गावात एजंट म्हणून फिरणारा माणूस बहुधा एजंट नसतोच. तो कोणाचा तरी मेहुणा, कोणाचा तरी शेजारी असतो, परवाना दूर शहरातल्या तिसऱ्याच्याच नावावर असतो. आपल्या खात्याच्या संकेतस्थळावर तीन हजारांहून अधिक बेकायदा एजंटांची यादी आहे. यादी करणे हे काम झाले का? ती कुठल्या गावच्या चावडीवर, कुठल्या बसस्टँडवर, कुठल्या भाषेत लावली? आणि पोलिसांनी स्वतःहून या कायद्याखाली खटला भरायचा म्हटले तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, ही अट 1983 पासून चालत आली आहे. ठाण्यातला फौजदार आम्हाला दिल्लीकडे बोट दाखवतो. आपण राज्याकडे दाखवता. मधल्या मध्ये मेहुणा पुढच्या गावी जातो.

आता भाषेचे सांगतो, कारण सगळे तिथे येऊन अडते.

तो मुलगा कुवेतला गेला. सकाळपासून रात्रीपर्यंत एका घरात झाडलोट, भांडी, गाड्या धुणे. काही महिन्यांनी त्याचा मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोन आला. जबडा सुजला होता, दोन रात्री झोप नव्हती आणि ते मालकाला सांगता येत नव्हते. मालकाला वाटत होते कामचुकारपणा करतो आहे. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ अदिरामपट्टिणमला असतात, आखातात उमेदीची वर्षे घालवून परतलेले. मी त्यांना जोडून दिले. ते मालकाशी चार मिनिटे अरबीत बोलले. त्याच संध्याकाळी मुलाला दवाखान्यात नेले. मालक काही दुष्ट नव्हता. मुलगा तोंड उघडत होता, पण त्याचे कोणाला कळत नव्हते, एवढाच सगळा प्रकार. दाताऐवजी छातीत दुखत असते तर? रात्रीचे दोन वाजले असते आणि अदिरामपट्टिणमचा फोन लागला नसता तर?

आखातात हिंदी चालते, असे आपले अधिकारी सांगतील. चालते, खरे आहे. बांधकामावरचा फोरमन हिंदीत ओरडतो, नाहीतर मल्याळममध्ये. आमच्या कावेरी खोऱ्यातल्या मुलाला दोन्ही येत नाहीत. तमिळनाडूत 1968 पासून दोनच भाषांचे धोरण आहे. हिंदी शिकवावी की न शिकवावी यावर दिल्ली आणि चेन्नई वर्षानुवर्षे हमरीतुमरीवर येतात. मी त्या वादात पडत नाही. त्यात दोन्ही बाजूंना मते मिळतात. मी एवढेच पाहतो की त्या भांडणात ज्याचे नाव घेतले जाते तो मुलगा परदेशात भारतीयांच्या घोळक्यातही मुका होतो. त्याला कामापुरती अरबी शिकवायला तर कोणाचाच विरोध नाही ना? मग ती का शिकवली जात नाही?

आम्ही तंजावरी मराठी लोकांनी भाषेवर प्रवचन द्यावे हे जरा गमतीचेच आहे. व्यंकोजीराजांबरोबर 1676 च्या सुमारास आमचे पूर्वज इथे आले तेव्हा त्यांना तरी तमिळ कुठे येत होते? पण त्यांच्या कमरेला तलवार आणि हातात दप्तर होते. भाषा शिकण्याची गरज इतरांना पडली. दरबारचे कागद मोडी लिपीत झाले, आणि 1803 मध्ये सरफोजीराजांनी भोसले वंशाचा इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. परमुलखात भाषा न येणे ही कोणाची उणीव ठरते, हे सत्ता कोणाच्या हातात आहे त्यावर असते. ओरत्तनाडूच्या मुलाच्या कमरेला तलवार नाही. त्याचा पासपोर्टसुद्धा बहुतेक वेळा मालकाच्या कपाटात असतो.

गोऱ्या साहेबाच्या राज्याचे गोडवे गाणाऱ्यांतला मी नाही. तरी एक गोष्ट खटकते. मलायातल्या रबराच्या मळ्यांवर याच जिल्ह्यातून हजारोंनी मजूर गेले. कंगाणी, म्हणजे मजूर गोळा करणारा मुकादम, गावात यायचा, आगाऊ रक्कम द्यायचा आणि नागपट्टिणमच्या धक्क्यावरून बोट भरून न्यायचा. पिळवणूक होती, कर्ज होते, मळ्यात मरण होते. पण 1922 च्या उत्प्रवास कायद्यानंतर नागपट्टिणमला मजुरांची छावणी होती, तिथे तपासणी होत असे, सरकारी अधिकारी बंदरावर बसत असे. 1938 मध्ये भारत सरकारने अकुशल मजुरांना खर्च देऊन मलायाला नेणे बंदच केले. आज माणूस तंजावरातच पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन पासपोर्ट काढतो, तासाभरावरच्या तिरुचिरापल्लीहून विमान पकडतो, आणि ज्याने त्याचे रक्षण करायचे तो अधिकारी साडेतीनशे किलोमीटरवर चेन्नईत. जाण्याची सोय दाराशी आणि रक्षणाची सोय रात्रभराच्या प्रवासापलीकडे, ही रचना कोणी ठरवली?

‘मुळात जावेच कशाला?’ असे विचारणारेही असतात. त्यांनी इथला जून पाहावा. मेत्तूर धरण 12 जूनला उघडायचे आणि त्या पाण्यावर कुरुवै हंगामाचे भात लावायचे, ही खोऱ्याची जुनी रीत. पाणी नसले की धरण उघडत नाही. 2024 मध्ये ते 12 जूनला उघडले नाही, जुलैच्या अखेरीस उघडले. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये गजा चक्रीवादळाने पट्टुकोट्टै आणि पेरावुरणीकडच्या नारळाच्या बागा आडव्या केल्या. नारळ लावला तर फळ धरायला वर्षे लागतात, सावकार तेवढा थांबत नाही. 2020 पासून हा पट्टा संरक्षित कृषिक्षेत्र आहे. शेती वाचावी म्हणून केलेला तो कायदा मला मान्य आहे, पण त्यामुळे बऱ्याच मोठ्या उद्योगांना इथे मज्जाव झाला, हेही खरे. शेतात काम नाही, कारखाना नाही, शिक्षण अर्धवट. हा मुलगा हौसेने चाललेला नाही.

त्याच 12 जून 2024 रोजी पहाटे कुवेतमधल्या मंगफला कामगारांच्या इमारतीला आग लागली. भारतीय हवाई दलाच्या विमानाने 45 मृतदेह कोचीला आणले. त्यांत तमिळनाडूचे सात होते, आणि त्या सातांत एक आमच्या तंजावर जिल्ह्यातल्या पेरावुरणी भागातला. मृतांत शिकलेले होते, कसबी होते, हे मला माहीत आहे. सगळे दुर्दैव एकाच कारणाला चिकटवणार नाही. पण त्या वेळी आपले राज्यमंत्री तातडीने कुवेतला गेले, विमान दोन दिवसांत आले, मदत जाहीर झाली. आपल्या यंत्रणेला घाई करता येते, हे तेव्हा आम्ही पाहिले. ती घाई माणूस मेल्यावरच का?

सप्टेंबर 2022 मध्ये शेजारच्या तिरुवारूर जिल्ह्यातला चाळिशीचा एक गृहस्थ कुवेतला गेला. ठरलेले काम वेगळे होते. तिथे वाळवंटात उंट राखायला लावले, असे घरच्यांचे म्हणणे. काही दिवसांतच त्याला गोळी घालून मारल्याची बातमी आली. गावात त्याची बायको-मुले होती. त्या वर्षानंतर या जिल्ह्यांत आपण काय बदलले? एखादे कार्यालय, एखादा फलक, गावोगाव फिरणारा एखादा माणूस? मी शोधून पाहिले. दिसले असते तर या पत्रात त्याचे नाव लिहिले असते.

कसबाचे म्हणाल तर दुसऱ्या देशांकडून शिकायला काय हरकत आहे? सिंगापूरला बांधकामावर जाणाऱ्या आपल्या कामगाराला कौशल्याची परीक्षा आधी द्यावी लागते. तिथले सरकार ती मागते म्हणून आमच्याकडे तिची प्रशिक्षण केंद्रे निघाली. त्या केंद्रांच्या फीवर वेगळे पत्र लिहिता येईल. तरीही, सळई कशी वाकवावी हे माहीत नसलेला माणूस तिथे सहसा सळईच्या कामावर जात नाही. ही अट दुसऱ्या देशाने घातली, आपण का घातली नाहीत? आपण स्वतः माणसे पाठवता तेव्हाही काय झाले? इस्रायलशी करार होऊन 2024 मध्ये बांधकाम कामगार गेले, आणि ठरलेले काम येत नाही म्हणून अनेकांना दुसरीच कामे दिल्याच्या बातम्या आपणही वाचल्या असतील. सरकारी शिक्क्याने गेलेल्यांची ही गत, तर मेहुण्याने पाठवलेल्यांचे काय?

महाराष्ट्राने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला तेव्हा जर्मन शिकवण्याची जबाबदारी सरकार घेईल असे जाहीर झाले. पुढे किती वर्ग भरले आणि किती जण गेले, हे तिकडच्या तरुणांनी आपल्या सरकारला विचारावे. पण निदान भाषा लागते, ती शिकवावी लागते आणि ती सरकारने शिकवायची असते, हे तत्त्व तरी कागदावर आले. जर्मनीला जाणाऱ्या नर्ससाठी जे तत्त्व, ते कुवेतला भांडी घासायला जाणाऱ्यासाठी का नाही? युरोपला जाणारा तो ‘मनुष्यबळ’ आणि आखातात जाणारा तो नुसता हमाल, असा हिशोब आहे का?

1983 चा कायदा जुना झाला हे आपल्या मंत्रालयाला मान्य आहे. 2019 ला नवा मसुदा आला. 2021 ला पुन्हा आला. 2025 ला नव्या नावाने आणखी एक आला, लोकांकडून सूचना मागवल्या गेल्या. सूचना करणाऱ्यांपैकी ईसीआर पासपोर्टवाले किती होते? तो मसुदा त्यांना वाचता येईल अशा भाषेत त्यांच्यापर्यंत कोणी नेला? दर मसुद्याबरोबर सुधारणेचे वचन येते, पुढच्या मसुद्याबरोबर तेच वचन पुन्हा नव्याने येते, आणि दरम्यान विमाने रोज सुटतात.

पैशांच्या बाबतीत मात्र आपला हिशोब चोख असतो. 2024-25 मध्ये परदेशस्थ भारतीयांनी 135 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम देशात पाठवली, हे आपण अभिमानाने सांगता. 9 जानेवारीला प्रवासी भारतीय दिवस आणि 12 जानेवारीला तमिळनाडू सरकारचा परदेशस्थ तमिळांचा दिवस. व्यासपीठावर डॉक्टर, इंजिनिअर, उद्योगपती असतात. त्यांचा सत्कार व्हावा, माझी तक्रार नाही. पण ते पैसे पाठवणाऱ्यांत गाड्या धुणारे आणि शेळ्या राखणारेही आहेत. त्यांच्यापैकी कोणाला त्या मांडवात शेवटची खुर्ची तरी मिळाली का?

मी मागतो ते फार नाही. तंजावरात सरकारी आयटीआय आहे, कुंभकोणममध्ये कॉलेजे आहेत. तिथे संध्याकाळी सहा आठवड्यांचा वर्ग चालवा: कामापुरती अरबी किंवा मलय, थोडी हिंदी, औषध-पाणी-दुखणे-पगार-पोलिस एवढे बोलता येईल इतकी. शिकवायला प्राध्यापक नकोत. वीस-वीस वर्षे आखातात काढून परतलेली माणसे या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत आहेत. त्यांना मानधन द्या, ती आनंदाने शिकवतील. करार कामगाराच्या मातृभाषेत मिळाल्याशिवाय आणि तो त्याला वाचून दाखवल्याची नोंद झाल्याशिवाय मंजुरी देऊ नका. 10 लाखांचा प्रवासी भारतीय विमा आपणच काढला आहे. त्याची पॉलिसी त्याच्या घरी, त्याच्या भाषेत पोचू द्या, नाहीतर वारसाला ती आहे हेच कळत नाही. कावेरी खोऱ्यासाठी आपला एक अधिकारी तंजावरात किंवा तिरुचिरापल्लीत बसवा. बेकायदा एजंटांची यादी तमिळमध्ये प्रत्येक पंचायतीत लावा, आणि खटल्याच्या परवानगीला मुदत घाला.

यातले काय करणार, केव्हापर्यंत करणार आणि काय करणार नाही, हे तिन्ही कळवावे ही विनंती. करणार नसाल तर तसेही कळवा, म्हणजे आम्ही अदिरामपट्टिणमच्या त्या गृहस्थांच्या ओसरीवर आमचा वर्ग सुरू करू; फक्त मग त्या पासपोर्टवरचा शिक्का कशासाठी आहे ते सांगा.

आणि उत्तर तमिळमध्ये पाठवावे. मला इंग्रजी चालले असते, पण ज्यांच्या वतीने विचारतो आहे त्यांना ते वाचता आले पाहिजे.

आपला,
एक नागरिक,
तंजावर